गंगाक्कांची कौदी

जुन्या लुगड्यांचं पांघरूण शिवून घ्यायला कुणी दारात आलं की गंगाक्का आधी विचारायच्या, "तुमच्यात हिला काय म्हंत्यात?" बाई वाकळ म्हणाली तर वाकळ, गोधडी म्हणाली तर गोधडी. कोपऱ्यावरच्या भाभींसाठी रजई. "जिच्या अंगावर जायाची, तिच्या तोंडचं नाव घ्यावं की!"

कोल्हापुरात शाहूपुरीत आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर. माहेर गोकाककडचं, पण लग्नानंतर कानडी बोलायला कुणी उरलं नव्हतं. मुलगा शिरोलीला फौंड्रीत, सून सुनीता हुपरीची. सून वाकळ म्हणते म्हणून घरातही त्या वाकळच म्हणायच्या.

एकदा मी उलट विचारलं, "अक्का, आणि तुमच्यात?" त्या लाजल्या. ट्रंकेतून आईच्या इरकली लुगड्यांचं पांघरूण काढलं. "ही कौदी. माझ्या अव्वाची." एका कोपऱ्यात भाकरीचा तुकडा शिवलेला होता, पांघरूण उपाशी ठेवायचं नाही म्हणून. मुंग्या लागतील म्हणून मी चिडवलं. "लागू द्यात की. त्यास्नी बी थंडी वाजती!"

गेल्या हिवाळ्यात अक्कांना अर्धांगाचा झटका आला. मराठी पुसून गेली, माहेरची कानडी तेवढी उरली. मी तेव्हा मुलीकडे पुण्याला होते. सुनीताचा फोन आला, "काकू, आत्या सारखं कवडी कवडी करत्यात ओ. काय करू?" मी नातीची वेणी घालत होते. म्हटलं, "देवीची कवडी मागत असतील. आण एखादी."

हे शहाणपण माझं. तिनं बिचारीनं अंबाबाईच्या देवळापासून कवडी आणली.

मी परतले तेव्हा अक्कांना जाऊन तीन दिवस झाले होते. सुनीता रडत म्हणाली, "कितींदा हातात दिली, धरतच न्हवत्या. अंगावरनं हात फिरवायच्या नि परत तेच."

अंगावरनं हात फिरवायच्या, हे ऐकलं आणि मला कळलं, कवडी नव्हे, कौदी. तो शब्द अख्ख्या गल्लीत मला एकटीला ठाऊक होता, आणि मी तो ओळखला नाही.

सुनीतानं ट्रंक उघडली. "ही वाकळ तुम्हीच न्या काकू. आत्यांचा लई जीव होता तुमच्यावर."

तिला कौदी म्हणतात, एवढं ओठावर आलं होतं. पण ते ऐकलं असतं तर त्या पोरीला जन्मभर झोप लागली नसती.

"छान आहे वाकळ," मी म्हटलं, आणि ती उराशी धरून घरी आले.