वाट चुकलेल्याची सुट्टी

पिशवीत बांधून दिलेल्या कोपीचा, म्हणजे सिंगापुरी कॉफीचा, करपट गोड वास आला की मला सिंगापूरमधल्या क्वीन्सटाउनच्या ऑफिसातला ऑक्टोबरमधला एक सोमवार आठवतो. वीसेक वर्षं झाली. कोलंबस डे म्हणून न्यूयॉर्क बंद होतं, डॉलरचे व्यवहार थांबले होते, आणि आम्ही अकाउंट्सवाले सिंगापुरात नुसते बसून होतो.

समोरच्या टेबलावर मिलिंद होता, मूळचा नागपूरचा. त्याने बुधवारची रजा मागितली होती, धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी. आमच्या मॅनेजर मिसेस लिम चक्रावल्या आणि वाक्याला 'लाह' जोडायच्या सिंगापुरी ढंगात म्हणाल्या,

"बुद्धाची सुट्टी मे महिन्यात झाली ना? त्यापेक्षा आज घरी जा, लाह. काम नाहीच. तुझी रजाही धरणार नाही."

"अरे, घे की," मी मराठीत कुजबुजले.

मिलिंदने स्ट्रॉने पिशवीतली उरलेली कोपी संपवली. "ताई, हा कोलंबस भारतात यायला निघाला, भलतीकडेच पोचला आणि तिथल्या लोकांचे हाल केले. माझे आजोबा दीक्षा घ्यायला नागपूरच्या मैदानावर उभे होते. त्यांना वाट सापडली. मी सुट्टी कुणाची घेऊ?"

बुधवारी त्याने स्वतःची रजा खर्च केली. तेव्हा मला तो निव्वळ हट्ट वाटला होता.

आता अमेरिकेतल्या काही शहरांनीही कोलंबस डेचं नाव बदलून तो तिथल्या मूळ रहिवाशांचा दिवस केलाय. पण तो सोमवार आला की मला संध्याकाळपर्यंत रिकाम्या टेबलाशी ताठ बसलेला, टायची गाठही सैल न केलेला मिलिंदच दिसतो.