फोटोपुरती सलाईन

न्यूमोनिया झाला तेव्हा मी चाकणच्या एका कारखान्यात ट्रेनी होतो. कायम झाल्याचं पत्र तोंडावर आलं होतं, आणि रजा मंजूर न होता घरी राहिलो तर ते हातचं जाणार होतं. छातीच्या डॉक्टर बाईंनी एक्स-रे पाहिला, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला, श्वास मोजले. म्हणाल्या, "आजार किती गंभीर आहे याचे आम्ही गुण काढतो. तुम्हाला शून्य. ॲडमिट व्हायची गरज नाही. गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा, ताप उतरला तरी. आणि आठवडाभर घरी झोपा."

घराण्यातला मी पहिला पदवीधर. शून्य मिळाल्याचा आनंद मला पहिल्यांदाच झाला.

गोळ्यांची चिठ्ठी सुपरवायझर साहेबांना मोबाइलवर पाठवली. लगेच फोन आला.

"न्यूमोनिया म्हणतोस आणि नुसत्या गोळ्या?"

"हो सर. आणि विश्रांती."

"गोळ्या मी पण खातो राव, येतो ना रोज कामावर? सलाईनचा फोटो टाक ग्रुपवर, मंजूर करतो."

आमच्या लाइनवर तसाच रिवाज होता. अर्ज कुणी वाचत नसे. हाताला नळी दिसली की रजा मंजूर.

खोलीवरचा लातूरचा मित्र मला दापोडीतल्या एका गल्लीतल्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी आपुलकीने विचारलं, "खरी लावायची की फोटोपुरती?"

"फोटोपुरती," माझ्याआधी मित्रच बोलला.

"मग पिवळी घ्या. पांढरी फोटोत उठून दिसत नाही."

सुई न टोचता नळी हाताला चिकटवली गेली. मला खोकल्याची उबळ आली.

"भावा, जरा दम धर," मित्र म्हणाला, "फोटो हलायलाय."

रजा मिळाली. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. मी घरी झोपलो, गोळ्या शेवटपर्यंत घेतल्या आणि बरा झालो. कामावर परतल्यावर सगळ्यांनी पिवळ्या बाटलीचं कौतुक केलं. पत्रही मिळालं. साहेबांचे उपकार मी विसरलेलो नाही.

म्हणूनच पुढच्या थंडीत ते तापाने फणफणत, खोकत मशीनला टेकलेले दिसले तेव्हा मला राहवलं नाही. डॉक्टर बाईंचा पत्ता लिहून दिला. "सर, आजच जा. गोळ्यांनी बरं वाटेल."

त्यांनी कागद खिशात ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "जातो रे. पण आमच्या मोठ्या साहेबांना पण फोटोच लागतो. तो पिवळीवाला नेमका कुठे बसतो?"