एकाच वाटेवरच्या दोन गाड्या

कंपनीत तिला सगळे ताई म्हणत. लांबलचक पांढरी गाडी, मागे मऊ कातडी सीट, दाराच्या कप्प्यात थंड पाण्याच्या बाटल्या आणि एका छोट्या पेटीत गार, सुवासिक टॉवेल. ज्यांना बसच्या गर्दीत घुसमटायचं नसतं अशा पाहुण्यांना जुन्या तटबंदीच्या शहरांमधून, मग वाळवंटातून आरामात हिंडवून आणायचं, हे तिचं काम. तिचा नवराही त्याच कंपनीत, तशीच गाडी चालवायचा.

गाडी तिला त्यानंच शिकवली होती, घराजवळच्या एका रिकाम्या मैदानात. शिकवली म्हणजे काय, तो ओरडायचा आणि ती रडायची. "क्लच! अगं क्लच! तो ब्रेक आहे!" एके दिवशी तिनं गाडी थांबवली, खाली उतरली, त्याच्यासाठी दार उघडलं आणि म्हणाली, "आता तू चालत ये घरी." आणि गाडी घेऊन ती एकटी निघून गेली. धडपडत गेली, तीनदा बंद पाडत गेली, पण गेली. तो घामाघूम होऊन घरी पोचला तेव्हा हिचा चहा पिऊन झाला होता. दुसऱ्या दिवसापासून त्यानं तोंड बंद ठेवून नुसत्या हाताच्या खुणांनी शिकवलं, आणि तिचा हात भराभर बसला. पुढे काही वर्षं तिनं शाळेची व्हॅन चालवली. मग कंपनीत जागा निघाली तेव्हा त्यानंच तिच्यासाठी शब्द टाकला. "माझ्यापेक्षा बरी चालवते," असं तो ऑफिसात म्हणाला. घरात मात्र हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नाही.

घरी सासूबाई थकलेल्या, म्हणून दोघांच्या फेऱ्या आलटून पालटून. तो परतला की ती निघायची. दारातच एकमेकांना गाठायचं, "गॅस संपत आलाय", "आईचे डोळ्यांचे थेंब कपाटात आहेत", एवढं बोलायचं आणि सुटायचं. सासूबाई म्हणायच्या, "तुमचा संसार म्हणजे पोस्टाची पेटी झालाय. एक येऊन टाकून जातो, दुसरा येऊन काढून नेतो."

इतकी वर्षं दोघं त्याच वाळवंटात जात होती, तोच सूर्यास्त शेकडो पाहुण्यांना दाखवत होती; एकत्र मात्र त्यांनी तो एकदाही पाहिला नव्हता.

मग एका सकाळी ऑफिसच्या साहेबांचा फोन आला. सगळे ड्रायव्हर त्यांना पाठीमागे घाईसाहेब म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य अर्ध्यावरच पुढच्या वाक्याला धडकायचं.

"ताई, दोन बहिणी आहेत, वयस्कर, एकत्र बुकिंग होतं, आता भांडल्यात, बोलत नाहीत, पण यायचं दोघींनाही आहे, माघार कुणी घेत नाही, म्हणून दोन गाड्या, तोच रस्ता, तीच हॉटेलं, दुसरा ड्रायव्हर कुणी मोकळा नाही, तुमचे मिस्टर आणि तुम्ही, जमेल ना, जमवाच!"

तिला वाटलं ऐकण्यात काहीतरी चूक झाली. "म्हणजे आम्ही दोघं? एकाच वेळी?"

"हो, पण त्यांचं मिटलं की एक गाडी लगेच परत, मला सीझनमध्ये गाडी लागते, ठेवतो!"

प्रश्न सासूबाईंचा होता. पण त्यांनीच हात झटकले. "जा गं. मी काय पाळण्यात आहे? शेजारीण येईल झोपायला. आणि त्या बहिणींना म्हणावं, सावकाश भांडा."

भांडणाचं कारण पहिल्याच शहरात कळलं. त्यांच्या आईची एक जुनी आरामखुर्ची होती. थोरलीनं ती न विचारता भंगारवाल्याला देऊन टाकली. बस्स. थोरली उंच, ताठ, कडक इस्त्रीच्या कपड्यांतली. ती नवऱ्याच्या गाडीत बसली. धाकटी गोल, हसरी, गुडघ्यांनी हैराण. ती ताईच्या गाडीत.

शहर जुनं होतं. दगडी वेस, तिच्यातून आत गेलं की तांबटांची आळी, ठोक्यांचा नुसता कल्लोळ, पुढे रंगरेजांची, वर दोऱ्यांवर ओली निळी कापडं. दोन्ही बहिणी आपापल्या गाईडबरोबर आपापल्या बाजूनं चालायच्या, आणि समोरासमोर आल्या की दोघींनाही अचानक एखाद्या भिंतीत फार रस वाटू लागायचा.

इकडे गाड्यांपाशी काय आनंद! नवरा-बायको बॉनेटला टेकून चहा पीत उभी. दोघांच्या अंगावर सारखाच पांढरा युनिफॉर्म. त्यानं कुठूनतरी गरम पाव आणला होता, तो तोडून अर्धा तिच्या हातात ठेवला.

"बरं वाटतंय रे," ती म्हणाली.

"हळू बोल. पाहुण्यांसमोर आपण एकमेकांना तुम्ही म्हणायचं ठरलंय."

"पाहुण्या त्या भिंतीकडे बघतायत."

दुसऱ्या दिवशी निरोप सुरू झाले. धाकटी मागून म्हणायची, "त्या पुढच्या गाडीतल्या बाईंना विचारा, खिडकी बंद ठेवायची अक्कल आहे ना? धुळीनं त्यांना खोकला होतो." ताई पुढच्या थांब्यावर नवऱ्याला सांगायची, तो थोरलीला सांगायचा, "मॅडम, धूळ आहे, खिडकी बंद करू का?" अक्कल वाटेत गळून पडायची. उलटून उत्तर यायचं, "सांगा तिला, स्वतःचं बघ म्हणावं." ते ताईपर्यंत पोचेपर्यंत "त्यांनी तुमची चौकशी केली" असं व्हायचं.

वाळवंटाच्या तोंडाशी पेट्रोल भरायला थांबले तेव्हा नवरा जरा गंभीर होता.

"थोरल्या बाई विचारत होत्या, तिनं गुडघ्याची गोळी घेतली का. आणि मग म्हणाल्या, सांगू नका मी विचारलं म्हणून."

गोष्ट सरळ होती. हे कानावर गेलं की धाकटी विरघळणार, भांडण मिटणार आणि एक गाडी परत.

"उद्या सांगू," तो म्हणाला. "आज संध्याकाळचं वाळवंट तरी बघू बरोबर. एक दिवसानं काय बिघडतंय?"

तिलाही तेच हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. तिनं काचा पुसल्या, वाळूसाठी टायरमधली हवा थोडी कमी केली, पाण्याच्या बाटल्या मोजत बसल्यासारखं केलं. मग म्हणाली, "नको. बहीण आहे ती तिची. आपल्या सूर्यास्तासाठी त्यांना कशाला ताटकळत ठेवायचं?"

"तुझ्या या चांगुलपणानं माझी सुट्टी गेली," तो म्हणाला, पण चिडला नव्हता.

वाळूत शिरल्यावर ताईनं आरशात बघून सांगून टाकलं. धाकटीनं पुढच्या सीटची कड घट्ट पकडली. मग एकदम म्हणाली, "गाडी थांबवा. त्यांनाही थांबवा."

ताईनं हॉर्न दिला. दोन्ही गाड्या थांबल्या. धाकटी वाळूतून लंगडत, बुटात वाळू भरत निघाली. थोरली खाली उतरली आणि तशीच ताठ उभी राहिली.

"गोळी घेतली," धाकटी म्हणाली.

"कोणी विचारलं?"

"तू."

थोरली इस्त्रीच्या बाहीवरची वाळू झटकू लागली. "ती खुर्ची चावायची गं. तिची स्प्रिंग सगळ्यांना बोचायची. आईसुद्धा बसायची नाही तिच्यात."

"आई तिच्यावर धुणं वाळत घालायची!" धाकटी म्हणाली, आणि दोघींना असं हसू फुटलं की उभं राहता येईना. गळ्यात गळे घालून त्या वाळूतच बसल्या.

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. ताईनं ऑफिसला कळवायला फोन काढला. नवऱ्यानं सामान हलवायला डिकी उघडली आणि थोरलीची बॅग उचलली.

"अरे, उलटी नको ना धरूस! किती वेळा सांगितलं तुला, आतल्या बाटल्या सांडतात!" ताईच्या तोंडून निघून गेलं.

बहिणींचं हसू थांबलं. धाकटीनं डोळे बारीक केले. "तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता?"

"थोडंफार," नवरा म्हणाला. "लग्न झालंय आमचं."

मग सगळी हकिकत बाहेर आली. आलटून पालटून फेऱ्या, सासूबाई, परत जाणारी गाडी. थोरलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि ताईपुढे हात केला. "द्या तो फोन."

घाईसाहेबांनी फोन उचलताच तिचा आवाज असा चढला की टपावर बसलेला पक्षी उडाला. "हे बघा, माझं माझ्या बहिणीशी अजिबात पटलेलं नाही! तिचं तोंडही बघायचं नाही मला! दोन्ही गाड्या शेवटपर्यंत हव्यात!" शेजारी धाकटी स्वतःची ओढणी तोंडात कोंबून हसू दाबत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मुक्कामाच्या तंबूंपाशी एक गाडी उभी करून ठेवली. दुसरीत मागे दोघी बहिणी, पुढे ताई, आणि तिच्या शेजारी नवरा. तिच्या शेजारच्या सीटवर तो शिकवणीच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच बसत होता. वाळूचा पहिला उतार आला तसा त्याचा पाय आपोआप खाली दाबला गेला.

"तिकडे ब्रेक नाही," ताई म्हणाली.

"माहीत आहे." पुढच्या उतारावर त्यानं पुन्हा दाबला. मागून थोरली म्हणाली, "अहो, चालवू द्या की तिला. छान चालवते."

"माझ्यापेक्षा बरी चालवते," तो म्हणाला. ताईनं चमकून त्याच्याकडे पाहिलं, आणि गाडी जरा वाकडी गेली.

टेकडीच्या माथ्यावर चौघं बसली. ऊन कललं, वाळूच्या एका अंगाला सावली आणि दुसऱ्या अंगाला तांबूस उजेड, मधली कड सुरीनं कापल्यासारखी. पाहुण्यांना सांगायची सगळी वाक्यं ताईला पाठ होती. त्यातलं एकही तिनं म्हटलं नाही. बूट काढून पाय वाळूत खुपसले आणि नुसती बसली. नवऱ्यानं पेटीतला गार टॉवेल काढून तिच्या मानेवर ठेवला. "हे पाहुण्यांचं आहे," ती पुटपुटली. "आज तुमचाच मान," धाकटी म्हणाली.

पुढचे दिवस बहिणींचं भांडण ऑफिसपुरतं जोरात चालू राहिलं. रोज सकाळी दोघी आळीपाळीनं खोटी तक्रार करायच्या आणि घाईसाहेब घाईघाईनं सांत्वन करायचे.

शेवटचं शहर नदीकाठचं होतं, जुन्या राजवाड्याचं संग्रहालय झालेलं. बहिणी हातात हात घालून आत गेल्या, त्या दुपारभर बाहेर येणार नव्हत्या. नवरा-बायको तटाच्या सावलीतल्या पायऱ्यांवर बसली. दगड गार होते. बोलता बोलता ताईचं बोलणं अडखळलं, आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली. येणारेजाणारे युनिफॉर्ममधल्या त्या दोघांकडे बघून गालातल्या गालात हसत होते. त्याच्या हाताला मुंग्या आल्या, मग हात बधिर झाला. तरी तो हलला नाही. समोरून एक माणूस मोठ्यानं फोनवर बोलत आला, त्याला नवऱ्यानं ओठांवर बोट ठेवून गप्प केलं.