आईला मी बसवलं

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. पाथर्डीच्या बाजूचं गाव आमचं. दिवाळी झाली की आईवडील कोयते घेऊन ऊसतोडीला जायचे. सुट्टीत मी फडात गेलो की आई दिसायची ती डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना. तेव्हाच मनाशी धरलं होतं, नोकरी लागली की हिला बसून खाऊ घालायचं.

नोकरी लागली. वडील गेल्यावर आईला नगरला, सावेडीत माझ्या फ्लॅटवर आणलं. स्वयंपाक बायको करायची, कपड्यांना मशीन. आई पहाटे पाचला उठून नुसती गॅलरीत उभी राहायची. आठ दिवसांत तिनं स्वतःच काम शोधलं. खराटा घेऊन खालचं पार्किंग फाटकापर्यंत झाडायला लागली. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची, तीही मागोमाग खाली जायची. आजी झाडतेय तोवर ही फाटकापासून जिन्यापर्यंत पळायची. दोघी दोन मजले चढून घामाघूम होऊन वर यायच्या आणि भाकरीवर तुटून पडायच्या. मी मात्र चौकातून दुधाची पिशवी आणायलाही स्कूटर काढायचो. चौक आमच्या गॅलरीतून दिसतो.

त्या वर्षी दिवाळीला तळमजल्यावर नवीन भाडेकरू आले होते. त्या बाईंनी आईच्या हातात मिठाईचा पुडा आणि एक साडी ठेवली, आणि उद्यापासून आमचा ओटाही झाडत जा म्हणाल्या. आई खुशीत वर आली. बाई चांगली हाय, मला मावशी म्हनली, असं सांगायला लागली.

मी पुडा आणि साडी उचलली आणि खाली जाऊन परत केली. ही माझी आई आहे, मी सरकारी नोकर आहे, हेही सुनावलं. त्या बिचाऱ्या ओशाळल्या. "माफ करा, मला वाटलं..." एवढंच म्हणून थांबल्या. त्यांना काय वाटलं ते सगळ्या जिन्याला कळलं. आता खरं सांगतो. तिला माळीण समजल्या असत्या तर मला इतकं लागलं नसतं. झाडूवाली समजल्या, याचा राग होता. शिकलेल्या माणसानं असा राग धरू नये हे मला तेव्हाही कळत होतं. तरी धरला.

वर येऊन आईला म्हणालो, उद्यापासून खराट्याला हात लावायचा नाही.

"मग म्या दिसभर काय करू?"

"टीव्ही बघ. जन्मभर राबलीस. आता बस आणि खा."

ती हसली. "लेक सायब झाला, आता बसाया पायजेच," म्हणाली.

आणि बसली. एकदाही माझा शब्द मोडला नाही. उलट गावाकडून कोणी आलं की सांगायची, मला लेक काडी उचलू देत न्हाई. ऐकून माझी छाती फुगायची. सोसायटीनं झाडायला माणूस ठेवला. आजी खाली जाईना, मग नातही जाईना. शाळेची व्हॅन फाटकाशी यायची, आणि शाळा सुटली की पोरगी मोबाईल घेऊन आजीशेजारी सोफ्यावर. घर शांत असायचं. मला ते सुख वाटायचं.

आई आधी जेवायला खाली बसायची, ती खुर्चीवर बसायला लागली. मग खुर्चीवरून उठताना टेबल धरायला लागली. मी म्हणायचो, वय झालं. या पावसाळ्यानंतर एका सकाळी तिला पलंगावरून उठताच येईना.

डॉक्टरांनी फोटो काढले. हाडं बरी आहेत म्हणाले, मांड्यांतली ताकद गेलीय. किती वर्षं बसून आहेत? चार, मी सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहिलं. व्यायाम शिकवायला घरी बाई यायला लागल्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं की हात न टेकता खुर्चीवरून रोज दहा वेळा उठायचं. सहा आठवड्यांत जमलं तर चालतील, नाहीतर अंथरूण. आणि या वयात अंथरूण धरलेलं माणूस सहसा उठत नाही.

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, आधी तुम्ही दोघं करून दाखवा, म्हणजे आजींना धीर येईल. छातीवर हात बांधून मी सहा वेळा उठलो, सातव्याला खुर्ची धरली. मुलगी आता बारा वर्षांची. तिचं पाचातच झालं, गुडघे दुखतात म्हणून बसली. आई माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत राहिली.

"मला तू बसवलंस," आई म्हणाली. "हिला कुनी बसवलं?"

मला भाषणं येतात. कचेरीत निरोप समारंभाला मलाच उभं करतात. इथं मी उठून खुर्च्या परत टेबलाला लावल्या.

आता रोज सकाळी हॉलमध्ये तीन खुर्च्या मांडतो. मुलगी तोंड वाकडं करते, पण येते. परवा तिचे बारा झाले. आईचे गेल्या सोमवारी सहा झाले होते, काल चार. आज तिसऱ्यालाच तिचे पाय थरथरायला लागले. मी दंड धरायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे आता. हापिसाला उशीर व्हईल तुला."

सहा आठवडे शनिवारी संपतात.