तेल दिलेला हँडब्रेक

सातपूरच्या उतारावरून घरंगळलेली ती जुनी मोटार इतक्या वर्षांनंतरही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मी तिथल्या पोलीस ठाण्यात हवालदार होतो. दिवस खंडेनवमीचा. औद्योगिक वसाहतीत मशीनांची पूजा, ठाण्यात आमच्या शस्त्रपूजेची तयारी. तेवढ्यात खबर आली, की वर्कशॉपच्या गल्लीत उभी केलेली गाडी सुटली आणि खालच्या चहाच्या टपरीवर आदळली. टपरीवाल्या बाईंचा पाय मोडला.

जागेवर जाऊन पंचनामा केला. गाडी मालकाने नुकतीच जुनी घेतलेली. तो तिथेच लेथवर काम करणारा कामगार. आत पाहिलं तर हँडब्रेकचा दांडा वर ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये. तो म्हणाला, "ब्रेक मी स्वतः ओढला, साहेब. पूजेला आत गेलो आणि हे झालं."

मग समोरच्या दुकानदाराने मला बाजूला घेतलं. "वर्कशॉपच्या वॉचमनने ढकलली. मागून दोन्ही हात गाडीला होते, मी पाहिलं. सकाळी फाटकापुढं गाडी लावली म्हणून मालकाचं नि त्याचं वाजलंही होतं."

वॉचमन पेठ तालुक्यातल्या एका आदिवासी पाड्यावरचा. ठाण्यात आणला तर बाक सोडून फरशीवर बसला.

"धराया गेलो साहेब. ढकलली नाय."

आमचा एक शिपाई हसला. "एकटा माणूस मोटार धरतो? पैलवान लागून गेलास का?"

"नाय ना. म्हणून तं सुटली."

बाकी विचारलं त्याला तो मान हलवत राहिला. घरी कळवू का म्हटलं, तर एवढंच म्हणाला, "नका. बायको रडत येईल." मुद्दाम ढकलल्याचा गुन्हा लागला असता तर नोकरी गेलीच असती, वर तुरुंग. मी भंडाऱ्याकडचा. नववीत शाळा सुटली, पुढे बाहेरून दहावी दिली म्हणून भरतीत निभावलं. परक्या गावात साहेब लोकांपुढे बोलताना जीभ कशी जड होते, ते मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं म्हणजे पुरावा नव्हे. आपण माणसावर दया करतोय की तपास करतोय, याची मला धास्ती वाटू लागली.

शेवटी निरीक्षक साहेबांकडे गेलो. "साहेब, हँडब्रेक लागलेला असेल तर एकट्याने ढकलून गाडी हलेल का? आणि लागला नसेल तर ढकलायला माणूस कशाला हवा?"

त्यांनी चष्मा काढला. "तपासून घ्या. तोवर अटक दाखवू नका." त्या एका वाक्यासाठी मी त्यांचा आजही ऋणी आहे.

आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक आले. दांडा ओढला की तार ताणली जात होती, म्हणजे तुटलेली नव्हती. गाडी मागून जॅकवर उचलली, दांडा पूर्ण ओढला आणि चाक हाताने फिरवलं. जरा अडलं, मग फिरलं. तार आवळून पाहिली, तरी तेच. तेव्हा चाक काढून ड्रम उघडला. ड्रमला आतून घासून चाक अडवणारं लायनर झिजलेलं नव्हतं, पण तेलाने चकचकत होतं. ब्रेक सिलिंडर मात्र कोरडा, म्हणजे ब्रेकचं तेल गळलेलं नव्हतं. त्यांनी बोटाला तेल लावून वास घेतला. "हे गाडीचं नाही. मशीनचं आहे."

मालक पुढे आला. "दांडा ओढला की मागून किरकिर यायची. आज सगळ्या मशीनांना तेल दिलं, म्हटलं हिलाही द्यावं. पिचकारीने चाकामागून सोडलं."

"लेथला द्या हो," मोटार वाहन निरीक्षक म्हणाले. "ब्रेक घासला नाही तर गाडी थांबणार कशी?"

"आवाज आला की तेल, साहेब. जन्मभर हेच केलं."

मी पुन्हा दुकानदाराकडे गेलो. हात पाहिलेत, पाय कसे होते, विचारलं. त्याने आठवून सांगितलं, "गाडीच्या टपावरच्या कॅरिअरचा दांडा धरलेला. पाय पुढं रोवलेले, अंग मागं टाकलेलं." मग तोच थांबला. "अरे... ओढत होता तो."

वॉचमनच्या टाचा पाहिल्या. दोन्ही सोलवटलेल्या. त्याने त्या धोतराच्या सोग्याखाली झाकल्या होत्या.

इस्पितळात बाईंचा जबाब घेतला. त्या म्हणाल्या, "गाडी मध्ये एकदा अडखळली, तेवढ्यात मी स्टोव्हपासून बाजूला झाले. नाहीतर नुसत्या पायावर भागलं नसतं."

मालकाने स्वतःहून खरा जबाब दिला. निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर लागला, तो त्याने नाकारला नाही. प्लॅस्टर निघेपर्यंत त्याची बायको बाईंना डबा पोचवत होती. टपरी गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून उभी केली. दुकानदार वॉचमनला म्हणाला, "चुकलं रे दादा." वॉचमनने वासे धरायला त्याला जागा करून दिली.

त्यानंतर मी अनेक जबाब घेतले. साक्षीदाराने सांगितलं ते नोंदवायचो, आणि पेन खाली ठेवण्याआधी विचारायचो, त्या माणसाचा जोर कोणत्या बाजूला होता.