माझ्या गॅरेजमध्ये न गळणारी गाडी

नानांनी धोतराचा सोगा माझ्या नाकासमोर धरला. त्यावर बशीएवढा काळा डाग होता.

"गाडीखाली वाकून पाहायला गेलो, तर हे," ते म्हणाले. "दोनदा तुमच्याकडे झालं, एकदा धुळ्याला झालं. तेल गळतंच आहे. आता धोतराचंही पॅकिंग बदलून द्या, मिस्तरी."

माझ्या जळगावच्या गॅरेजमध्ये बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली. माझं डोकं तापलं.

नाना पारोळ्याच्या बाजूचे मोठे कापूसवाले. त्यांच्याकडे एक जुनी विलायती मोटार होती. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा कुणी गोरा साहेब निघून जाताना विकून गेलेला, ती फिरत फिरत नानांकडे आली. गाडी वीस वर्षांची, पण अशी चकचकीत की आरशात पाहिल्यासारखं वाटावं. नाना ती स्वतः चालवत. बॉनेट मात्र त्यांनी जन्मात उघडलं नव्हतं.

गाडी पहिल्यांदा आली तेव्हा मी टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, आणि चेंबरचं पॅकिंग बदललं. पॅकिंग म्हणजे सांध्यातून तेल गळू नये म्हणून घालायची पट्टी. चेंबर म्हणजे इंजिनाच्या खालचं भांडं, ज्यात तेल साठतं. पंधरा दिवसांत गाडी परत. दुसऱ्या खेपेला गिअरबॉक्स उतरवला. इंजिनाच्या मागच्या टोकाला, जिथून फिरता दांडा बाहेर येतो, तिथलं पॅकिंग नवं घातलं. हे काम पाठीवर झोपून करायचं असतं. दोन दिवस माझ्या डोळ्यांत माती पडत होती. मग गाडी पांढऱ्या कागदावर उभी केली, तास तास इंजिन चालवलं, भुसावळ रस्त्याला फिरवून आणली. एक थेंब पडला नाही. कागद कोरा.

घरी गेली आणि पुन्हा गळायला लागली.

मग नानांनी ती धुळ्याला नेली, आणि खरी आग तिथे लागली. धुळ्याला ज्यांच्याकडे गाडी गेली, त्या उस्तादांच्या हाताखाली मी आठ वर्षं काढलेली. आठ वर्षांत त्यांनी मला एकदाही व्हॉल्व्हला हात लावू दिला नाही. मी सोडून निघालो तेव्हा सगळ्या गॅरेजसमोर म्हणाले, "जा बाबा, पंक्चरं काढ आणि सुखी राहा." मी जळगावला येऊन स्वतःचं गॅरेज उभं केलं, लेथ मशीन बसवलं, चार माणसं ठेवली, तरी ते वाक्य माझ्या घशात अडकलेलंच होतं. आता त्यांनी नानांची गाडी चार दिवस ठेवली आणि सांगितलं, "जळगावकरांनी पॅकिंग वाकडं बसवलं होतं. आम्ही सरळ केलं." गोड बोलून, चहा पाजून गाडी परत पाठवली. त्यांच्याकडेही ती एक थेंब गळली नव्हती, हे मी नानांकडून खोदून खोदून काढून घेतलं.

"मग उस्तादांना का नाही दाखवत धोतर?" मी विचारलं.

"त्यांनाही दाखवणार. पण आज जळगावच्या बाजारात काम होतं." नाना खुर्चीत टेकले. "हे बघा मिस्तरी, मी आणि शेजारचे दोघं मिळून दोन ट्रक घेतोय. जिनिंगच्या कारखान्यात कापूस न्यायला. त्यांचं बारा महिने काम कुणीतरी करणार. ह्या गाडीचं तेल जो थांबवील, ट्रक त्याच्याकडे."

दोन ट्रकचं बारमाही काम म्हणजे माझ्यासारख्याचं गॅरेज दुप्पट. आणि धुळ्याच्या तोंडावर एक सणसणीत उत्तर. मी लगेच सौद्याला बसलो.

"लिहून द्या."

"माझा शब्द आहे."

"बरं, शब्द चालेल. पण गाडी इथे नाही बघणार, तुमच्या घरी येऊन बघणार. दोन दिवस राहीन. घासलेट तुमचं, जेवण तुमचं. आणि ते दोघे शेजारी समोर हवेत. मी बिघाड दाखवीन तो तिघांच्या डोळ्यांदेखत. उद्या कुणी म्हणायला नको की मिस्तरीनं हात फिरवला आणि आपोआप थांबलं."

"शेजारी कशाला?"

"ट्रक तिघांचे. साक्षही तिघांची."

नानांनी मान हलवली. सौदा पक्का झाला. ही शेवटची अट माझ्या डोक्यातून निघाली याचा त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

नानांचं घर त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या हातात होतं. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. पन्नाशीच्या पुढे, बोलणं कमी, पण त्यांच्या घरात तांब्याचं भांडं आणि अंगणाचा कोपरा सारखाच लखलखायचा. मी गेलो तेव्हा गाडी सारवलेल्या अंगणात उभी होती, धुऊन पुसून, नवरीसारखी.

"इतकी चकचकीत कोण ठेवतं?" असं मी तेव्हा विचारायला हवं होतं. मी विचारलं, "घासलेट कुठे आहे?"

गळती शोधायची साधी रीत आहे. इंजिन घासलेटने धुवायचं, कोरडं करायचं, वर पांढरी पूड मारायची. मग गाडी चालवायची. जिथून तेल येतं तिथे पूड काळी पडते. मी अक्कांकडे रांगोळी मागितली. त्यांनी डबा दिला, पण मी ती इंजिनावर उधळताना पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सणनी रांगोळी शे ती," त्या पुटपुटल्या.

नाना आणि मी गाडी घेऊन पाच मैल जाऊन आलो. बैलगाडीच्या चाकोरीतून, धूळ खात. परत येऊन मी खाली घुसलो. रांगोळी पांढरीशुभ्र. अंगणात थेंब नाही. आणखी पाच मैल. तरी नाही.

"म्हणजे तुम्ही आलात की ती शहाणी होते," नाना म्हणाले.

"गाडीला काय मी दिसतो?"

"मग गळतं कधी? तुम्ही पाठ फिरवल्यावर?"

ते थट्टेत म्हणाले, पण नेमकं तेच घडत होतं आणि मला ते ऐकू आलं नाही. मी पाना पिशवीत आपटला आणि ओट्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "माझं काम झालं. गाडीत काही बिघाड नाही. उद्या दुपारी मी निघतो."

सकाळी मी विहिरीवर आंघोळीला गेलो. शेजारी दोघे आले होते. नाना त्यांना घेऊन पारोळ्याच्या बाजारात एक फेरी मारून आले. गाडी अंगणात शिरली आणि मी ओल्या केसांनीच खाली वाकलो. मागच्या टोकाला टप, टप, टप. सारवणावर काळा ठिपका मोठा होत होता.

माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी टाळकंही सरकलं. त्या काळच्या गाड्यांचं बॉनेट कपाटासारखं बाजूने उघडायचं. मी ते उघडलं. कालची रांगोळी कुणीतरी स्वच्छ पुसून टाकलेली. आणि इंजिनाच्या कडेला जी उभी नळी असते, तिच्या टोपीवर मांजरपाटाचं दुहेरी फडकं, सुतळीने गच्च आवळून बांधलेलं.

ही नळी म्हणजे इंजिनाचं नाक. जुन्या इंजिनात पिस्टनच्या कडेने थोडा धूर खाली, तेलाच्या पोटात उतरतो. तो ह्या नळीतून बाहेर जायला हवा. टोपीला म्हणून जाळी असते. जाळी बंद केली की धूर कोंडतो, तेलाला ढकलतो, आणि तेल जिथे फट मिळेल तिथून बाहेर पडतं. गाडी जुनी, धूर जास्त. फडकं धुळीने आणि तेलाने ओलं झालं की चामड्यासारखं घट्ट. मी बदललेली सगळी पॅकिंगं ठणठणीत होती. उस्तादांचीही.

मी इंजिन चालू ठेवून तिघांना खाली वाकायला लावलं. "बघा, टपटप." सुतळी कापली. नळीतून फस्सकन धूर निघाला. "आता बघा." थेंब सावकाश झाले. पुन्हा एक फेरी मारून आलो, चार थेंब पडले आणि थांबलं. तिघांचीही तोंडं उघडी. माझ्या आयुष्यातला सगळ्यात देखणा पुरावा होता तो.

तिथेच मी थांबायला हवं होतं.

मी ते फडकं दोन बोटांत धरून वर उचललं. "हे कुठल्या मूर्खानं बांधलं?"

मग दारातून आवाज आला.

"मी बांधं."

अक्का चौकटीला हात लावून उभ्या होत्या.

"लोनचानी बरनीले दादरा बांधतस ना, तसं बांधं," त्या म्हणाल्या. "तठून तेल वततस. बठ्ठी धूळ मझार जाई."

बरणीच्या तोंडाला बांधतात तो फडक्याचा तुकडा म्हणजे दादरा. त्यांचं म्हणणं इतकंच की जिथून तेल ओततात तिथून धूळ जाईल.

"मग गाडी माझ्याकडे आली तेव्हा हे कुठे होतं?"

"लोकेसना घर गाडी जास, तवय मळकं फडकं कसं धाडू? सोडी लेऊं, धोई ठेऊं. घर उनी का परत बांधू."

गाडी परक्याच्या दारात जाणार म्हणून सोडायचं आणि धुवायचं. घरी आली की बांधायचं. मी येणार म्हणून सोडलं. माझं काम झालं हे ऐकलं म्हणून पहाटे परत बांधलं. तीन महिन्यांचं कोडं तीन वाक्यांत सुटलं. पण माझ्या डोळ्यांसमोर तो पाठीवर झोपून उतरवलेला गिअरबॉक्स होता.

"अहो, लोणचं आणि मोटार यातला फरक कळत नसेल तर बॉनेटला हात कशाला लावता?" मी ओरडलो. "दोन गॅरेजं तीन महिने राबली ह्या एका चिंधीपायी!"

शेजारी आपापल्या वहाणांकडे बघत होते. नानांचा चेहरा उतरला.

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. "माले कोनी इचारं का?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

थोड्या वेळाने चहा त्यांनीच आणला. पहिला कप मला दिला. मी बारीक जाळीची नवी टोपी करून देईन म्हणालो, धूळ जाणार नाही अशी. त्यांनी नुसती मान हलवली. नानांनी मला पारोळ्याच्या मोटारस्टँडवर सोडलं. वाटेत कापसाच्या भावाबद्दल बोलले. ट्रकबद्दल बोलले नाहीत.

टोपी मी केली आणि पाठवली. गाडी पुन्हा गळली नाही. महिन्याभराने कामाला धुळ्याला गेलो, तर उस्तादांच्या दारात दोन नवे कोरे ट्रक उभे. तिथून निघालो तो थेट नानांकडे.

"शब्द दिला होता तुम्ही."

"दिला होता," नाना म्हणाले. "मोडला. मला लाज वाटते, पण मोडला."

"बिघाड कुणी काढला? मी की त्यांनी?"

"तुम्हीच. चौघांसमोर काढलात." त्यांनी दाराबाहेर बोट केलं. "मिस्तरी, ट्रक ह्याच अंगणात उभे राहणार. मिस्तरी येणार, जाणार, अक्काच्या हातचं जेवणार. अक्कानं त्या दिवसापासून मोटारीला हात लावलेला नाही. मी बॉनेट उघडून दाखवलं, म्हटलं बघ नवी टोपी. ती म्हणे, माले काय समजस त्यामा."

मी बाहेर आलो. गाडी अंगणात उभी होती. काचेवर धुळीचा थर असा की बोटाने नाव लिहिता यावं.

माझं निदान बरोबर होतं, हे मी आजही छाती ठोकून सांगतो. ट्रक धुळ्याला गेले हा अन्याय होता, हेही सांगतो. पण तेव्हापासून गाडी आली की मी आधी विचारतो, ही रोज कोण पुसतं? आणि त्या माणसाशी दोन शब्द बोलतो. पॅकिंग बदलायला दोन दिवस लागतात, विचारायला अर्धं मिनिट. आणि चूक सापडलीच, तर शेजारीपाजारी घरी जाईपर्यंत मी पाना हातात धरून गप्प उभा राहतो.