नऊ टक्के आणि बदामाचा मनोरा

हेर्दिसला तिचा नवरा पहिल्यांदा भेटला तो दक्षिण नॉर्वेतल्या मान्दालच्या बसथांब्यावर, आणि ही पहिली भेट जवळजवळ दोन वर्षं चालली. रोज सकाळी सात-दहाला ती थांब्याच्या एका टोकाला उभी राहायची आणि ओस्मुंड दुसऱ्या टोकाला, मधे एक होडी आडवी मावेल एवढं अंतर राखून. त्या काळात थांब्यावरचा बाक सडला, नवा आला, त्याला हिरवा रंग लागला आणि तो उडालाही. समोरच्या घरातलं रांगणारं पोर शाळेत जाऊ लागलं. मग एका फेब्रुवारीत, गुडघाभर बर्फात उभा असताना, ओस्मुंड विजेच्या खांबाकडे बघत म्हणाला, "बस उशिरा आहे." हेर्दिसने नीट विचार केला आणि ती म्हणाली, "हो." बातमी गावभर झाली. संध्याकाळी हेर्दिसच्या आईने लग्नासाठी टेबलावरचा रुमाल विणायला घेतला.

असा हा ओस्मुंड. शाळेत छत्तीस वर्षं सुतारकाम शिकवलं आणि तेवढ्या काळात मुलांना मुख्यतः "नाही" आणि "पुन्हा कर" एवढंच सांगितलं. माणूस सोन्यासारखा. पण अनोळखी माणसाशी आपणहून बोलणं म्हणजे त्याच्या घरात खिडकीतून शिरणं, असं त्याचं ठाम मत होतं.

निवृत्तीनंतर त्याने विजेची गाडी घेतली आणि त्याला वाचा फुटली. पण बोलायचा फक्त बॅटरीच्या टक्क्यांत. सकाळी उठून "बरी झोप लागली का?" विचारण्याऐवजी खिडकीतून डोकावून म्हणायचा, "अठ्ठ्याण्णव." 

म्हणूनच हेर्दिसने संधी साधली. तिची बहीण बोरघिल नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, वार्दोला लग्न करून गेली होती. हेर्दिसला विमानाची भीती आणि बोटीची ओकारी, त्यामुळे दोघींची गाठ अकरा वर्षांपूर्वी आईच्या अंत्यविधीला पडली, तीच शेवटची. आता बोरघिल सत्तर वर्षांची होत होती. शनिवारी, पाच वाजता, जेवण.

"सत्तर एकदाच होतात," हेर्दिस म्हणाली.

"अठ्ठावीसशे किलोमीटर," ओस्मुंड म्हणाला, आणि त्याचे डोळे लकाकले.

हेर्दिसने अठरा बदामी कडी भाजली, मोठ्यापासून लहानापर्यंत एकावर एक रचून मनोरा केला आणि वर कागदी झेंडे खोचले. मोठ्या दिवसाला हा मनोरा नसेल तर तो दिवस झाला असं आमच्याकडे कुणी मानत नाही. मनोरा मागच्या सीटवर बसला आणि ओस्मुंडने त्याला पट्टा लावला. बायकोला लावायचं मात्र विसरला.

पाच दिवस छान गेले. डोव्रेच्या डोंगरावर चढताना टक्के पाण्यासारखे वाहिले आणि उतरताना थोडे परत आले. तेव्हा ओस्मुंडने स्टिअरिंगवर थोपटून "शाबास गं" म्हटलं. एवढं कौतुक हेर्दिसला लग्नातही मिळालं नव्हतं. टक्के वाचवायला त्याने गाडीतली ऊब बंद ठेवली होती, त्यामुळे जून महिन्यात ती लोकरी टोपी घालून, घोंगडी पांघरून बसली होती. थांबा आला की थर्मासातली कॉफी आणि कागदात बांधलेल्या, तपकिरी चीजच्या पावाच्या चकत्या. सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता. हेर्दिसला वाटलं, आपण सुखात आहोत, फक्त पाय गार पडलेत.

शनिवारी दुपारी बारा वाजता, ताना नदीकाठच्या एका छोट्या गावात, गाडी नऊ टक्क्यांवर थांबली. तिथे चार्जिंगचे दोन खांब. एकाच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी, म्हणजे बंद. दुसऱ्याला एक रुपेरी गाडी लागलेली, शंभर टक्के भरलेली, आत कुणी नाही. शेजारी कॉफीचं छोटं दुकान, आत सहा-सात माणसं.

"जा, विचार कुणाची आहे," हेर्दिस म्हणाली.

"जेवत असतील."

"वॉफल खाताहेत. वॉफल म्हणजे जेवण नव्हे."

"सगळे एकदम आपल्याकडे बघतील, हेर्दिस."

हे हेर्दिसलाही पटलं, कारण तीही मान्दालचीच. दोघं रुपेरी गाडीपाशी हात मागे बांधून उभी राहिली. जरा वेळाने ओस्मुंड खोकला. साडेबारा झाले. एक झाला. त्याने खांबावरची सूचना चार भाषांत वाचली. दीड झाला. अजून दोनशे किलोमीटर जायचं होतं.

"ओस्मुंड, माझी बहीण पुन्हा सत्तरची होणार नाही."

"येईलच आता तो."

दोन वाजले तेव्हा हेर्दिस आपल्या गाडीकडे वळली. अकरा वर्षं म्हणा की राग म्हणा. तिने मागचं दार उघडलं, मनोरा अलगद उचलला, खालचं सगळ्यांत मोठं कडं काढलं आणि ते ताटासारखं धरून दुकानात शिरली. सगळे एकदम बघायला लागले.

"माझ्या बहिणीचा वाढदिवस आहे," ती म्हणाली, "आणि मी तिथे नाही. हे घ्या. रुपेरी गाडी कुणाची?"

कोपऱ्यातून साठीचा एक लालबुंद माणूस उठला. "माझी."

"अहो, मग बाहेर का आला नाहीत? दोन तास झाले!"

"येणार होतो," तो पुटपुटला. "पण तुम्ही दोघं माझ्याच गाडीपाशी उभी. वाटलं, काहीतरी खासगी चाललंय. म्हटलं, जातील, मग निघू. तिसरी वॉफल खाल्ली मी."

दुकानात कुणीतरी फुस्सकन हसलं, मग सगळेच. कडं मोडलं गेलं, वाटलं गेलं. रुपेरी गाडी हलली, ओस्मुंडची गाडी खांबाला लागली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आमच्या माणसाचं तोंड उघडायला दोन तास लागतात आणि मिटायला त्याहून जास्त. रुपेरी गाडीवाला पंचवीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. ओस्मुंड लाकडाचा माणूस. बोलणं होडीच्या तळापासून सुरू झालं आणि शिडापर्यंत आलं. त्यासाठी आणखी एक कडं खर्ची पडलं. गाडी भरून अर्धा तास झाला तरी ओस्मुंड हातांनी हवेत सांधा कसा बसवायचा ते दाखवत होता. हेर्दिस त्याच्याकडे बघतच राहिली. तिला राग यायला हवा होता. तिला वाटलं, हा माणूस बसथांब्यावर असा बोलला असता तर आपल्याला एखादं मूल जास्त झालं असतं.

"चल," ती शेवटी म्हणाली. "शंभर टक्के झाले."

"थांब, डोलकाठीबद्दल सांगायचं राहिलंय."

तिने त्याला कोपराला धरून गाडीत बसवलं. सव्वाचार झाले होते.

समुद्राखालच्या बोगद्यातून ते वार्दोत शिरले तेव्हा साडेसात वाजले होते. मनोऱ्यात सोळा कडी उरली होती. बोरघिल दारात आली आणि म्हणाली, "टोपी काढ गं, जून आहे." दोघी एकमेकींच्या खांद्यावर रडल्या, बऱ्यापैकी मोठ्याने. पाहुणे सातलाच घरी गेले होते, जेवण संपलं होतं. बटाटे उरले होते, तेवढे खाल्ले.